मौनाच्या वेळेतले फोन

मी खोटं बोलत नाही, कुणाची निंदा करत नाही आणि सकाळची प्रार्थना संपेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. ही तिन्ही व्रतं लग्नाआधीपासूनची. हेवा करणार नाही असं व्रत मात्र मी कधी घेतलं नाही, कारण त्याची गरज पडेल असं वाटलंच नव्हतं. तेव्हा मला जाऊ नव्हती.

जाऊ म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची बायको. सासूबाई तिला लाडानं मैना म्हणतात. मला त्या "अगं" म्हणतात. मैना बोलते ते भिंतीपलीकडे ऐकू जातं आणि हसते ते खालच्या जिन्यापर्यंत. माझं असं, की मी "पाणी देऊ का" म्हणून विचारलं तर समोरचा माणूस इकडेतिकडे बघून म्हणतो, "कुणी काही बोललं का?" ही निंदा नव्हे. ही नुसती माहिती आहे, आणि माहिती देण्याविरुद्ध माझं काही व्रत नाही.

आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि एकाच कंपनीत काम करतो. कंपनी घरगुती यंत्रं दुरुस्त करून देते. आम्ही तिच्या तक्रार-कक्षात. लोक फोन करून ओरडतात, आम्ही ऐकून घेतो, कारागीर पाठवतो आणि तक्रार मिटली की तशी नोंद करतो. मैनेला तिथे चिकटवली मीच. साहेबांकडे शब्द टाकला, तिची ओळख करून दिली, पहिल्या दिवशी तिला शेजारच्या खुर्चीवर बसवली. पायावर धोंडा पाडून घ्यायचा असेल तर तो असा व्यवस्थित, दोन्ही हातांनी उचलून पाडावा.

कक्षाच्या प्रमुखबाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा मोकळी झाली. त्या जागेवर माझा डोळा होता. काचेची छोटी खोली, दार लावलं की आवाज बंद; माझ्या स्वभावाला इतकी शोभणारी खोली उभ्या इमारतीत दुसरी नव्हती. साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "वशिला नाही, ज्येष्ठता नाही. आकडे बोलतील. ज्यांच्या तक्रारी जास्त मिटल्या आणि ज्यांना ग्राहकांनी चांगले गुण दिले, त्या प्रमुख."

"पण आकडे काढणार कोण?" कुणीतरी विचारलं.

"ताई," साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "एक तर त्यांनी संगणकाचा कोर्स केलाय. आणि दुसरं, त्या खोटं बोलत नाहीत."

शर्यतीत धावायचंही मीच आणि शिट्टीही मीच फुंकायची. मी नम्रपणे मान डोलावली. मनातून म्हणाले, देवा, तुझी करणी.

कंपनीनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात आकडे भरले की ते रंगीत खांब उभे करून दाखवतं, कोण पुढे आणि कोण मागे. पण फोनच्या यंत्रातून निघणारी फाइल त्याला जशीच्या तशी चालत नाही. मध्ये एक स्क्रिप्ट लिहावी लागते. हे सासूबाईंना समजावताना मी म्हटलं, "आई, बाजारातून भाजी येते ना, ती निवडायची, धुवायची, चिरायची, मग पातेल्यात घालायची. स्क्रिप्ट तेवढं करते. सॉफ्टवेअर नुसतं ताट वाढतं."

"म्हणजे खरं काम तू करतेस आणि कौतुक ताटाचं," सासूबाई म्हणाल्या.

इतकं मला आजवर कुणी ओळखलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मैनेला सांगितलं असतंस तर तिनं पटकन केलं असतं."

स्क्रिप्ट मीच लिहिली. फाइलमध्ये रकान्यांची नुसती भाऊगर्दी होती. फोन कुणाला आला, कधी आला, तक्रार मिटली का, ग्राहकानं पाचपैकी किती गुण दिले, एवढे चार रकाने मी ठेवले. बाकीचे कचरा समजून झटकून टाकले. मग रोज संध्याकाळी त्या दिवसाची फाइल भरायला सुरुवात केली. आठवडाभरानं पडद्यावर खांब पाहिले तर सर्वांत उंच मैनेचा. त्याच्या बगलेत माझा.

मला मत्सर वाटला नाही. मला शंका आली. दोन्हींत फरक आहे आणि तो मी त्या दिवशी देवालाही समजावून सांगितला.

आमच्या खालच्या मजल्यावर निवृत्त हिशेबनीस काका राहतात. जिन्यात भेटले की सल्ला देतात. भेटले नाहीत तर वर येऊन देतात. त्यांना मी सांगितलं, "एका बाईचे आकडे फारच फुगलेले दिसतात."

"दुबार नोंद," काका म्हणाले. "शंभरातल्या नव्वद वेळा दुबार नोंदच असते. कोण बाई?"

"नाव घेणं बरं नव्हे," मी म्हटलं.

काकांनी वरच्या मजल्याकडे पाहिलं, जिथून मैनेच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि समजूतदारपणे मान हलवली.

दुबार नोंदी निघाल्या. माझी स्क्रिप्ट चालवली की त्या दिवसाच्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसत. पुन्हा चालवली की पुन्हा जाऊन बसत. आधी कुणी बसलंय का हे बघायची रीत मी तिला शिकवलीच नव्हती. फक्त दुबार होत्या त्या मैनेच्या दिवसांच्या नव्हेत. माझा एखादा दिवस छान गेला की माझा खांब वर चढताना पुन्हा एकदा बघावासा वाटायचा, म्हणून मी त्या दिवसाची फाइल हौसेनं परत चालवत असे. म्हणजे स्वतःला दोनदा, एखादे दिवशी तीनदा मोजूनही मी दुसरी आले होते.

दुबार नोंदी काढल्या. माझा खांब मांडीपर्यंत आला.

मग गुणांकडे वळले. फोन ठेवण्याआधी आम्ही ग्राहकाला म्हणतो, "कृपया एक ते पाचपैकी आकडा दाबा." ज्यांनी दाबला नाही त्यांची जागा रिकामी राहते आणि सॉफ्टवेअर रिकाम्या जागेवर अडून बसतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये मी अशा ठिकाणी पाच भरायची सोय केली होती. माणूस काही बोलला नाही म्हणजे समाधानी असणार, अशी माझी धारणा. मी स्वतः तशीच आहे.

काका म्हणाले, "रिकामं म्हणजे रिकामं. तुम्ही कोण त्याला पाच देणार?"

सत्याचं व्रत घेतलेल्या बाईला हे पटवून घ्यावंच लागलं. रिकाम्या जागा रिकाम्या सोडल्या आणि कळलं, की सगळ्या कक्षात रिकाम्या जागा सर्वांत जास्त माझ्या. "आकडा दाबा" हे मी इतक्या हळू म्हणते की ग्राहकांपर्यंत ते पोचतच नाही. मैनेच्या सगळ्यांनी दाबलेला, आणि बहुतेकांनी पाच. एकदा ती एका ग्राहकाला म्हणताना मी ऐकलं होतं, "काका, पाच दाबा हं, नाहीतर मी परत फोन करून गप्पा मारीन."

माझा खांब गुडघ्यापर्यंत आला, तरी कसाबसा दुसराच राहिला. मैनेच्या आकड्यांत चूक शोधता शोधता मी तिचा खांब उलट तसूभर उंचावलाच होता. घरी सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतात आकडे?" मी म्हटलं, "खरं म्हणतात," आणि भाजी चिरायला बसले. चिरताना सुरी जरा जोरात लागली असेल. भाजीविरुद्ध माझं काही नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण मत्सर, म्हणजे शंका, माणसाला स्वस्थ बसू देत नाही. मी नोंदी तासातासाप्रमाणे मांडल्या. मैना नेमकी केव्हा पुढे जाते ते मला बघायचं होतं. आणि तिथे मला जे दिसलं त्यानं मी खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडले.

आमच्या कक्षात पहिली पाळी घरून असते. कंपनीनं प्रत्येकीला एक फोन दिलाय. कार्यालय उघडण्याआधी आलेल्या तक्रारी त्यावर घ्यायच्या. माझी ती वेळ म्हणजे मौनाची वेळ. पण माझा फोन प्रार्थनेत कधी वाजलेला नाही, म्हणजे अगदी सुरुवातीचे काही दिवस सोडले तर. ही देवाची कृपा मी कितीजणींना सांगितली आहे. "मनापासून करावं, मग तोच सांभाळतो," असं मी आमच्या शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंना तर कित्येकदा म्हटलंय.

आणि पडद्यावर काय, तर त्याच वेळेत माझ्या नावावर मिटलेल्या तक्रारी. एक नाही, रोजच्या चार-पाच. सगळ्यांना पाच गुण.

म्हणजे मी डोळे मिटून बसलेली असताना माझ्या नावानं कुणीतरी फोन घेत होतं. मैनेला कितीही पाच मिळोत, तिच्यासाठी खुद्द देव कधी फोनवर बसला नव्हता. त्या दिवशी मी घरी आले ती हवेतून. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मैनेकडे पाहिलं, मैनेनं छताकडे पाहिलं. मला वाटलं, दोघी भारावल्या.

काका मात्र भारावले नाहीत. "देव सर्वज्ञ आहे हे मान्य," ते म्हणाले. "पण कुणी 'कपडे पिळताना यंत्र चालत चालत दारापर्यंत येतं' म्हणालं तर त्यावर तो 'खालचे चार बोल्ट तपासा' असं कशाला सांगेल? फाइल मूळची बघा. जी तुम्ही निवडून धुऊन घेतली ती नव्हे. मातीसकट."

मूळ फाइल किल्लीवाल्यांकडे होती. आमच्या कंपनीत माहितीच्या सुरक्षेचा एक विभाग आहे आणि त्यात एकच गृहस्थ आहेत. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा असतो म्हणून ते किल्लीवाले. त्यांच्या संगणकाला किल्ली लागत नाही. पण विभागाला वजन पाहिजे.

"मालकाची परवानगी आणा," किल्लीवाले म्हणाले.

"कोणाची मालकी आहे?"

त्यांनी बराच वेळ शोधलं. "तुमची. तक्रार-कक्षाच्या आकड्यांच्या मालक म्हणून साहेबांनी तुम्हाला नेमलंय."

"मग मी मला परवानगी देते."

"तोंडी नाही चालत. अर्जदार म्हणून इथे सही करा आणि मालक म्हणून तिथे."

मी दोन्हीकडे सही केली. त्यांनी कागद उजेडात धरला. "दोन्ही सह्या सारख्याच दिसतात हो. संशयास्पद आहे."

"एकाच माणसाच्या आहेत."

"तेच म्हणतोय मी."

शेवटी अर्जदार म्हणून मी डाव्या हातानं सही केली तेव्हा त्यांचं समाधान झालं. त्यात खोटेपणा झाला का, याचा मी अजून विचार करते आहे. हात माझाच होता.

मूळ फाइल उघडली. मी कचरा म्हणून झटकलेल्या रकान्यांत एक होता, 'वळवलेला फोन'. आलेला फोन दुसऱ्या कुणी स्वतःकडे वळवून घेतला तर त्याचा नंबर तिथे उमटतो. माझ्या मौनाच्या वेळेतल्या प्रत्येक नोंदीपुढे त्या रकान्यात एकच नंबर होता. तो नंबर मला पाठ आहे. आमच्या घरातला आहे. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतला.

देव नव्हता. मैना होती.

मी घरी गेले. मैना ओट्याशी उभी होती. मी विचारलं, "माझे सकाळचे फोन तू घेतेस?"

तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं.

"अय्या, कळलं का?" ती म्हणाली. "अहो ताई, मी आले तेव्हा बघायची ना. तुम्ही डोळे मिटून बसलेल्या, फोन वाजतोय, आणि तुमच्या कपाळाला ही आठी. एकदा तर तुम्ही मौनातच फोन उचललात आणि समोरचा बिचारा 'हॅलो हॅलो' करून थकला. मला बघवेना. म्हणून रोज तुम्ही बसलात की मी तुमचा फोन माझ्याकडे वळवते."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही एक तर मौन सोडलं असतंत, नाहीतर नोकरी. आई म्हणाल्या, राहू दे."

म्हणजे आईंनाही ठाऊक. एवढी वर्षं ज्या कृपेच्या गोष्टी मी गल्लीभर सांगितल्या, ती कृपा पलीकडच्या खोलीत बसून बोल्ट तपासायला सांगत होती. आणि सगळ्यात झोंबलं ते हे, की व्रत माझं, आठी माझी, आणि पुण्य तिच्या खात्यावर. आजवर मी तिच्या आवाजाचा हेवा केला, हसण्याचा केला, सासूबाईंच्या लाडाचा केला. तिच्या पुण्याचा करावा लागेल हे स्वप्नातही नव्हतं.

"पण मग ते मोजतात कुठे? माझ्यात की तुमच्यात?" मैनेनं भाबडेपणानं विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. खोटं बोलले नाही. फक्त उत्तर दिलं नाही.

आता खरी कसोटी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांपुढे खांब दाखवायचे होते. हा रकाना असतो हे माझ्याखेरीज कक्षात कुणाला माहीत नव्हतं. तो झटकलेलाच ठेवला तर माझा खांब निदान दुसरा राहणार होता, आणि मी मनात म्हणत होते, पहिलीबद्दल साहेबांचं मन शेवटच्या क्षणी बदलूही शकतं. पोक्तपणालाही काही किंमत असते. रकाना घेतला तर माझे पाच गुणवाले सगळे फोन तिच्याकडे जाणार. मग मी कितवी, हे बघायला चष्मा लागला असता.

मी पळवाट काढली. सकाळी प्रार्थना संपली तरी मौन सोडलं नाही. न बोलणारा माणूस खोटंही बोलत नाही आणि खरंही. ह्यांनी विचारलं, "आज काय विशेष?" मी हात जोडले. सासूबाई भारावल्या, म्हणाल्या, "बघ मैने, आज तिनं व्रत वाढवलं. साधी गोष्ट नाही." आणि मैना कुजबुजत, म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ताई, मग आज तुमचे कार्यालयातले फोनही मीच घेते. तुम्ही निवांत बसा."

तिनं घेतले. माझ्या शेजारी बसून, डाव्या कानाला माझा फोन आणि उजव्या कानाला तिचा. एका आजोबांना शांत करताना दुसऱ्या बाईंना हसवत होती. मी बाजूला मौन पाळत बसले होते. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नावावर तक्रारी मिटत होत्या. मला वाटलं होतं की पळवाटेनं मन हलकं होईल. ते दुपारपर्यंत जडच होत गेलं. चोरी करायला बसावं आणि ज्याच्या घरी करायची त्यानंच गाठोडं बांधून द्यावं, तसं ते होतं.

मी संगणक पुढे ओढला, स्क्रिप्टमध्ये तो रकाना घातला, वळवलेला फोन ज्यानं घेतला त्याच्या नावावर मोजायला सांगितलं, आणि सगळ्या फाइली पुन्हा भरल्या. यावेळी एकदाच.

मोठ्या खोलीत साहेबांनी पडदा लावला. मैनेचा खांब पडद्याच्या वरच्या कडेला टेकला होता. माझा शोधावा लागला.

"ताई, परवा तर तुम्ही दुसऱ्या होतात," साहेब म्हणाले.

मी मौन सोडलं. "ते माझे नव्हते. सकाळचे फोन हिनं घेतलेत. माझी प्रार्थना असते म्हणून. मला माहीत नव्हतं."

पुष्कळांना ऐकू गेलं नाही. साहेबांनी ते मोठ्यानं पुन्हा सांगितलं आणि मग खोलीत टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी. साहेब म्हणाले की असा प्रामाणिकपणा त्यांनी पाहिला नाही. किल्लीवाले उभे राहून म्हणाले की बाईंच्या दोन्ही सह्या त्यांनी स्वतः तपासल्या आहेत. त्या मिनिटभरात मला फार बरं वाटलं. आणि त्या मिनिटात मी हळूच मैनेकडे पाहिलं, की जरा तरी चेहरा उतरलाय का. एवढं कौतुक माझं चाललंय, जळू दे थोडी.

ती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. तोंडभर हसत होती. हिला हेवासुद्धा करता येत नाही. त्यापुढे माझ्या मनात एक शब्द आला होता, तो व्रतामुळे इथे लिहीत नाही.

काचेची खोली तिला मिळाली. दार ती उघडंच ठेवते.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, प्रमुख म्हणून पहिलं काम केलं. तुमची सकाळची पाळी माझ्या नावावर करून घेतली, रीतसर. तुम्ही दहापासून. आता चोरून नको." मग तिच्या मानानं अगदी हळू, "खरं सांगा. वाईट वाटलं?"

"हो," मी म्हटलं.

"खूप?"

"खूप."

"अजून वाटतंय?"

"अगं, आत्ता तर सुरुवात आहे."

ती इतकी हसली की खालून काकांनी "काय झालं" म्हणून विचारलं. हसता हसता तिनं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. मी ते तिथे राहू दिलं. काढावं असं वाटलं नाही. पण आनंद झाला असं म्हटलं तर ते खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेला बसले. डोळे मिटले. फोन वाजायची आता धास्ती नव्हती. घर शांत होतं आणि पलीकडच्या खोलीतून मैनेचा आवाज येत होता: "हो आजी, ऐकतेय मी, सगळं सांगा." मी जपमाळ ओढत होते, पण कान तिकडेच. एक तक्रार मिटली. दुसरी मिटली. तिसऱ्या वेळी मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, फार काही मागत नाही. फक्त एक ग्राहक, एकच, तिच्या तोंडावर फोन आपटून ठेवू दे.

देवानं ऐकलं नाही. बहुधा तोही तिचंच बोलणं ऐकत बसला होता.